आधी मोजा की राव! ऑइल खाणाऱ्या गाडीच्या मालकाचं सातारा-सांगलीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांना आणि मिस्त्री मंडळींना खुलं पत्र

प्रति,
सातारा, कराड, सांगली पट्ट्यातले समस्त सर्व्हिस मॅनेजर, अ‍ॅडव्हायजर आणि गॅरेजवाले मिस्त्री

विषय: गाडी ऑइल खाते म्हणून इंजिन खोलायला सांगण्याआधी करायच्या एका साध्या कामाबाबत

नमस्कार मंडळी,

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो. ऊस भरलेला ट्रॅक्टर येतो, वजन होतं, खाली करून परत येतो, रिकामं वजन होतं, दोन्हीतला फरक म्हणजे ऊस, आणि त्याची पावती शेतकऱ्याच्या हातात. शेतकरी समोर उभा राहून आकड्याकडे असा बघतो की जणू मी त्याच्या खिशात हात घातलाय, आणि त्याचं काही चुकत नाही, काटामारी हा शब्द आपल्याकडे उगाच जन्माला आलेला नाही. तर सांगायचं काय, की मला आकड्याशिवाय कुणी काही सांगितलं की पटत नाही, सवयच लागलीय तशी, आणि त्या सवयीमुळंच हे पत्र लिहायची वेळ आली.

आमच्याकडं सात सीटर डिझेल गाडी आहे, २०१७ ची, २.२ लिटरचं इंजिन, आता १ लाख १२ हजार किलोमीटर झालंय. कंपनीचं नाव लिहित नाही कारण कुठल्या कंपनीशी भांडण नाही आणि हे दुखणं कुठल्याही गाडीला होऊ शकतं. घरात आई, आबा, आम्ही दोघं, दोन पोरं, म्हणजे गाडी भरलेलीच असते, ठोसेघर, कास, सज्जनगड, आणि वर्षातून चारपाच वेळा बहिणीकडं सांगलीला.

मागच्या भाऊबीजेला सांगलीला निघायच्या आदल्या दिवशी सहज बोनेट उघडलं, काचेचं पाणी भरायला, आणि आबा म्हणले ऑइल पण बघ की. इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, ओढली, कोरडी! टोकाला नुसता काळा ठिपका. म्हणलं चुकून झालं असेल, गाडी उतारावर असेल, सपाट जागी घेतली, दहा मिनिटं थांबलो, परत तेच. सर्व्हिस होऊन फक्त चार हजार किलोमीटर झालेले. कोपऱ्यावरनं दोन लिटरचा डबा आणला, सगळा ओतला तरी वरच्या खुणेला टेकेना. पोवई नाक्यावरनं हायवेला लागेपर्यंत मी डॅशबोर्डकडंच बघत होतो, आणि सांगलीपर्यंतचे सव्वाशे किलोमीटर बायको म्हणत होती रस्त्याकडं बघा रस्त्याकडं.

परत आल्यावर सर्व्हिस सेंटरला गेलो. अ‍ॅडव्हायजर चांगला मुलगा, पाणी विचारलं, चहा विचारला, आणि म्हणला, 'साहेब, डिझेल गाडी आहे, थोडं खातेच, नॉर्मल आहे, दिवा लागला नाही ना?' आता हे जरा सगळ्यांनी नीट ऐका. तो लाल तेलाच्या किटलीचा दिवा ऑइल कमी झालं की लागत नाही, ऑइलचं प्रेशर गेलं की लागतो. म्हणजे चेंबरमध्ये, इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्यात, इतकं कमी उरलंय की पंपाला ओढायला नीट मिळत नाही तेव्हा. तो लागला की गाडी जिथं असेल तिथं बाजूला घेऊन बंद करायची, गॅरेज दोन किलोमीटरवर आहे जाऊ हळूहळू असं म्हणायचं नाही, कारण त्या दोन किलोमीटरात बेअरिंगं जाऊ शकतात. काही गाड्यांत लेव्हलचा वेगळा सेन्सर असतो, आमच्या नाही. मग दिवा लागला नाही म्हणून सगळं ठीक, हे म्हणजे पेशंट अजून बेशुद्ध पडला नाही म्हणून तब्येत उत्तम असं झालं.

त्यानं वर ऑइल टॉपअप करून दिलं, फुकट दिलं हे कबूल, पण घरी येऊन बघतो तर वरच्या खुणेच्या बोटभर वर. ऑइल जास्त झालं तरी क्रँक, म्हणजे खाली फिरणारा दांडा, त्यात आपटतो, फेस होतो आणि ते ब्रीदरमधनं, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडायच्या वाटेनं, इनटेककडं, हवा आत ओढायच्या बाजूला जातं, म्हणजे ज्या रोगाचं औषध मागायला गेलो तोच रोग जरा वाढवून घेऊन आलो.

दीड महिन्यानं परत गेलो. कारण यवतेश्वरचा घाट उतरताना चुलतभाऊ बाइकवर मागं होता, खाली आल्यावर म्हणला, 'दादा, खाली येऊन तू रेस दिलीस ना, तेव्हा निळा धूर सोडला गाडीनं, मला काही दिसंना.' डिझेल गाडीचा काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही, पांढरा आणि गोडसर वासाचा दाट धूर म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी, जळतंय, आणि निळा म्हणजे ऑइल, एवढं आता मलाही पाठ झालंय. या वेळी सर्व्हिस सेंटरात दुसरा माणूस होता, त्यानं सायलेन्सरकडं बघितलं, दोनदा रेस दिली, आणि पाच मिनिटात एस्टिमेट: फुल इंजिन काम, रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्यात, १ लाख ४५ हजार, आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) पण बदलून घ्या साहेब एकदाच, त्याचे ४८ हजार वेगळे.

माझा राग एवढ्यावरच आहे. दीड महिन्याआधी नॉर्मल होतं, आणि आता एकदम इंजिन खोला. या दोन्हीच्या मधलं काहीच तुमच्याकडं नाही का? किती खाते हे कुणी मोजलं नाही, कुठनं जातंय हे कुणी बघितलं नाही. मी विचारलं कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजायची टेस्ट, केली का, तर म्हणले इंजिन खोलल्यावर कळंलच की.

मग घरी येऊन मीच मोजलं. बायकोचा किचनमधला काटा घेतला (ती अजून त्यावरनं बोलतीय), पट्टी बरोबर वरच्या खुणेला आणली, ऑइलचा डबा वजन करून ठेवला, ४ किलो २६० ग्रॅम. गाडी रोजच्यासारखीच चालवली. बरोबर हजार किलोमीटरला, त्याच जागी, सकाळी गार इंजिनावर, डब्यातनं परत वरच्या खुणेपर्यंत भरलं आणि डबा काट्यावर ठेवला, ३ किलो ७२०. म्हणजे ५४० ग्रॅम गेलं. ऑइलचं लिटर साधारण ८६० ग्रॅम भरतं, त्या हिशोबानं हजाराला सव्वासहाशे मिली. दहा हजारावर सर्व्हिस असते, म्हणजे दोन सर्व्हिसच्या मध्ये सव्वासहा लिटर, आणि आमच्या इंजिनात फिल्टर धरून मावतंच सहा. चेंबरभर ऑइल पिऊन टाकते गाडी! काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काहींच्यात तर एक लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं ते मला माहिताय, ते कंपनीनं वॉरंटीच्या क्लेमपासून वाचायला ठेवलेलं कुंपण आहे, तब्येतीचं सर्टिफिकेट नाही.

हा आकडा कागदावर लिहून जुन्या एमआयडीसीतल्या एका मिस्त्रींकडं गेलो. साठीचा माणूस, हाताच्या रेषांत काळं बसलेलं. त्यांनी कागद बघितला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले. म्हणले, गिऱ्हाईक आकडा घेऊन येतंय हे आजच बघितलं.

पहिला प्रश्न त्यांचा, रात्री गाडी उभी करता तिथं खाली डाग पडतो का. मी म्हणलं आबांचा पेपर तीन रात्री टाकून बघितलाय, सकाळी दोन तीन ठिपके असतात. ते म्हणले, तीन थेंबांनी लिटर जात नाही. वीसएक थेंबांचं एक मिली होतं. तरी त्यांनी टॉर्च घेऊन बघितलं, टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होऊन झिरपत होतं आणि ते खाली एक्झॉस्टवर पडत होतं, कधीकधी आत जळका वास यायचा तो हाच. मग रेडिएटरच्या टाकीचं झाकण उघडून कूलंटमध्ये तवंग आहे का बघितलं, ऑइलच्या झाकणाला आतनं चहाच्या सायीसारखं काही लागलंय का ते बघितलं, दोन्हीकडं स्वच्छ. म्हणजे ऑइल आणि पाणी एकत्र होत नाही, ऑइल कूलर बरा आहे.

आणि मग त्यांनी जे केलं ते दोन मिनिटाचं काम होतं. गाडी चालू ठेवली, ऑइल भरायचं झाकण काढलं आणि उलटं करून त्या भोकावर नुसतं ठेवलं. झाकण तडतड उडायला लागलं, तव्यावर टाकलेल्या ज्वारीसारखं, आणि घरंगळून बॅटरीवर पडलं. मी म्हणलं संपलं, बॅक कॉम्प्रेशन, वरचा गॅस खाली येतोय, रिंगाच गेल्या. मिस्त्री म्हणले थांबा. इंजिनावरनं ब्रीदरच्या डबीकडं जाणारी नळी काढून मोकळी सोडली. परत झाकण ठेवलं. गप बसलं! जरा थरथरत होतं फक्त, आणि नळीतनं हलकी वाफ येत होती, फुंकर मारल्यासारखी. रिंगा गेल्या असत्या तर ती नळी भकभक भकभक फेकत राहिली असती, हे त्यांचं म्हणणं. आतली हवा बाहेर जायची वाटच तुंबली होती. ती डबी, म्हणजे ऑइल सेपरेटर, काढून माझ्या हातात दिली, आत काळा चिकट गाळ, फुंकून बघितलं तर गाल फुगले पण हवा पलीकडं जाईना.

कुठल्याही इंजिनात थोडा गॅस रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्यातसुद्धा. तो ब्रीदरनं परत इनटेककडं जायचा असतो आणि जाताना त्यातलं ऑइल या डबीत गाळून खाली परत यायचं असतं. डबी तुंबली की चेंबरमध्ये दाब वाढतो. आता टर्बोकडं बघा, त्याला ऑइल पंपाच्या दाबानं येतं पण परत जाताना नुसतं उतारानं खाली चेंबरमध्ये पडतं, तिथं पंप नाही. खाली गटार तुंबलं की मोरीतलं पाणी हलत नाही ना, तसंच, ते ऑइल टर्बोतच साचतं आणि टर्बोच्या सीलमधनं वाट काढून हवेच्या बाजूला जातं. घाट उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतो, टर्बो दाब देत नाही, तेव्हा हे जास्त झिरपतं, आणि खाली येऊन रेस दिली की साचलेलं सगळं इंजिनात जाऊन जळतं. चुलतभावाला दिसलेला धूर तो. नुसती टर्बो बदलली असती तर काय झालं असतं? ४८ हजाराची नवी टर्बो परत त्याच तुंबलेल्या मोरीवर बसली असती आणि दोन महिन्यात परत ऑइल, परत मी, परत एस्टिमेट.

टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरची खालची नळी सोडली तेव्हा घमेल्यात ऑइल पडलं, पाव लिटर तरी असेल, आणि तेव्हा मिस्त्रींचा चेहरा बदलला. म्हणले हे घेऊन तुम्ही पोरंबाळं घालून घाटात फिरत होता? डिझेल इंजिनाला जळायला डिझेलच पाहिजे असं नाही, ऑइल मिळालं की ते त्याच्यावर पळतं, आणि एकदा पळायला लागलं की चावी काढून खिशात घातली तरी थांबत नाही, रेस वाढत जाते इंजिन फुटेपर्यंत. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक दाबून धरायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून द्यायचा म्हणजे इंजिन बंद पडतं, आणि बोनेट उघडून फिरत्या इंजिनात डोकं घालायच्या भानगडीत आपण पडायचं नाही. हे मला नऊ वर्षात एकाही सर्व्हिस सेंटरनं सांगितलं नव्हतं. इंटिरिअरला लिंबाच्या वासाचा फवारा मात्र दर वेळेला न विचारता मारलेला असतो.

त्यांनी टर्बोचा दांडा बोटानं हलवून बघितला, आत बाहेर काही नाही, बाजूला अगदी नखभर, पाती कुठं घासलेली नाहीत, म्हणले टर्बो चांगली आहे. ग्लो प्लग काढून चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, २७, २६, २७, २६ बार. मला आनंद झाला तर तोही त्यांनी अर्धाच ठेवला, म्हणले कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे वरच्या दोन रिंगा चांगल्या, खालची तिसरी ऑइल रिंग कार्बननं जाम असली तरी कॉम्प्रेशन चांगलं येऊ शकतं. त्यामुळं आधी स्वस्तातलं करू, परत हजार किलोमीटर मोजू, नाही कमी झालं तर इंजिनाचं बघू. असं बोलणारा माणूस मला सर्व्हिस सेंटरच्या एसीत का भेटला नाही हो?

ऑइल सेपरेटर ३,१५०, टॅपेट कव्हरचं पॅकिंग ८५०, ऑइल आणि फिल्टर ३,६००, मजुरी २,५००, त्यात इंटरकूलर आणि सगळ्या नळ्या धुऊन वाळवून बसवल्या, टर्बोची रिटर्न नळी साफ केली. झाले १०,१००, त्यातले शंभर सोडले. हजार किलोमीटरनं डबा परत काट्यावर ठेवला, ९० ग्रॅम. त्याच्या पुढच्या हजाराला ८०. म्हणजे शंभरएक मिली, १ लाख १२ हजार झालेल्या गाडीला तेवढं मी हसत पाजतो.

आता सगळ्यांचं दुखणं आमच्यासारखं दहा हजारात भागणारं असतं असं अजिबात नाही. सांगलीला दाजींची पेट्रोल गाडी आहे, ती पण खात होती. सकाळी पहिल्या स्टार्टला भसकन निळा धूर आणि मग दिवसभर काही नाही, हे वॉल्व्ह सीलचं लक्षण, रात्रभर ऑइल झिरपून खाली उतरलेलं असतं. दाजींच्या गाडीचं तसं नव्हतं, चढाला लागली की सतत धूर, दोन नंबरचा स्पार्क प्लग काढला तर ऑइलनं ओला, त्या भोकातनं कॅमेरा आत घातला तर पिस्टनच्या कडेला ऑइल धुतल्यासारखं चकचकीत. तिथं ऑइल रिंगाच जाम होत्या, इंजिन खोलावंच लागलं, आणि दाजींनी कुरकुर न करता पैसे दिले, कारण मिस्त्रीनं तो प्लग हातात दिला आणि कॅमेऱ्यातलं त्यांच्याच मोबाइलवर दाखवलं. गिऱ्हाईक पैशाला रडत नाही ओ, न बघता द्यावे लागतात त्याला रडतं.

गॅरेजवाले, तुम्ही यातनं सुटला असं समजू नका. 'जाड ऑइल टाका, बंद होईल' हे मला तिघांनी सांगितलं. कंपनी पातळ ५डब्ल्यू-३० सांगते तिथं जाड २०डब्ल्यू-५० टाकलं की धूर थोडे दिवस कमी दिसतो खरा, पण थंडीत सकाळी तेच जाड ऑइल टर्बोपर्यंत पोचायला उशीर लावतं, आणि दुखणं आत तसंच. काउंटरवरच्या त्या जादूच्या बाटल्यांचं तर बोलतच नाही. आणि पॅकिंग बसवताना लाल पेस्ट अशी थापता की बाहेर एवढी आलीय म्हणजे आत पण तेवढीच गेली असणार, ती तुटून चेंबरमधल्या जाळीला जाऊन बसली तर ऑइल पंपानं ओढायचं काय? बीएस६ डिझेलला तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते, तिथं लो अ‍ॅश, जळून राख कमी उरणारं, ऑइलच लागतं, हाताला लागेल तो डबा ओतून चालत नाही. आणि त्या गाड्यांत उलटंही होतं, डीपीएफ साफ व्हायच्या नादात डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि लेव्हल वाढते, ते बघून मालक खूश, आमची ऑइल खातच नाही म्हणतो. पट्टीला डिझेलचा वास येतोय का एवढं तरी बघून सांगत जा.

माझं चुकलं ते पण लिहितो. कासला चढून गेलं की लगेच चावी बंद करायचो, मिनिटभर सुद्धा आयडलवर ठेवायचो नाही, तापलेल्या टर्बोतलं ऑइल तिथंच करपतं. आणि भाऊबीजेच्या आधी वर्षानुवर्षं मी ऑइलची पट्टी ओढून बघितली नव्हती, सर्व्हिस सेंटर आहे की बघायला, असं वाटायचं.

आणि तिथंच तुमच्याकडं माझं मागणं आहे, एकच आहे. सर्व्हिसला गाडी आली की जुनं ऑइल तुम्ही काढताच. ते एखाद्या मापाच्या डब्यात काढा आणि किती निघालं ते जॉबकार्डवर लिहा. फिल्टरमध्ये अडकतं ते सोडून द्या, पाच पन्नास मिली इकडंतिकडं चालेल. दहा हजारापूर्वी सहा घातलं आणि आज साडेतीन निघालं, एवढी एक ओळ लिहिली असती तर मला त्या आधीच्या सर्व्हिसलाच कळलं असतं, तुमच्याच पोरानं तुमच्याच पिटात ते काढलं, त्याला दिसलं नसेल असं कसं म्हणू, पण लिहायला रकाना नाही आणि सांगायला कुणी सांगितलेलं नाही. नव्याचं बिल मात्र मिलीपर्यंत बरोबर असतं. भरलेलं वजन छापायचं आणि रिकामं छापायचंच नाही, असं मी काट्यावर केलं तर शेतकरी मला संध्याकाळपर्यंत ठेवतील का तिथं?

आणि कुणी ऑइल खाते म्हणून आलं तर नॉर्मल म्हणायच्या आधी हजार किलोमीटरची टेस्ट लावून द्या, झाकणाला सील लावा, वाटलं तर टेस्टचे पैसे घ्या. इंजिन खोला म्हणायच्या आधी कॉम्प्रेशनचे आकडे एस्टिमेटच्या कागदावर लिहा. ते लिहून १ लाख ४५ हजार सांगितलेत तर मी कर्ज काढून देईन.

पुढच्या महिन्यात गाडी सर्व्हिसला आणतोय, तुमच्याकडंच, कारण मिस्त्रींच्या मुलाचं लग्न आहे आणि ते पंधरा दिवस गॅरेज बंद ठेवणार आहेत. येताना मापाचा डबा मी घेऊन येतो. किचनचा काटा मिळणार नाही, बायकोनं लपवून ठेवलाय.

आपला,
काट्यावरचा एक गिऱ्हाईक
सातारा